मनातली रिक्षा : स्केचिंगच्या नऊ महिन्यांच्या सरावाचा अनुभव

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या होत्या. त्यांतील स्मरणचित्राच्या पेपरात जत्रा किंवा बसथांबा असा विषय आला की शिक्षकांनी घोटवून घेतलेली तीच चार माणसे मी जागा बदलून उभी करीत असे. त्यानंतर कित्येक वर्षे पेन्सिल हातात आली ती वाण्याच्या यादीपुरती. गेल्या जूनमध्ये आम्ही पाच ठाणेकरांनी पुन्हा सराव सुरू केला. दर आठवड्याला प्रत्येकाने एक चित्र फोटोवरून आणि एक मनाने काढायचे, आणि रविवारी सकाळी मासुंदा तलावाच्या काठावर वह्या एकमेकांच्या हातात द्यायच्या, एवढीच आमची रीत. शिकवणारे कोणीही नाही. पावसाळ्यात हीच बैठक नौपाड्यातील एकाच्या घरी भरत असे.

साहित्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एचबी, २बी आणि ६बी या मध्यम ते मऊ-गडद शिशाच्या तीन पेन्सिली पुरल्या. पहिली वही मात्र चुकीची घेतली. तिचा कागद पातळ होता, जुलैच्या दमट हवेत तो मऊ पडला आणि खोडरबर फिरवताच त्याचे तंतू उठू लागले. दुसरी वही १५० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदाची घेतल्यावर ती तक्रार संपली.

खरा अनुभव रिक्षाचा. पहिल्याच आठवड्यात मनाने काढण्यासाठी मी रिक्षा निवडली, कारण रोज सकाळी स्टेशनपर्यंत मी रिक्षानेच जाते आणि तिचे चित्र डोळे मिटूनही काढता येईल अशी माझी समजूत होती. काढायला बसले तेव्हा लक्षात आले की हँडल वर कोठपर्यंत येते, पुढची काच किती कललेली असते, मागचे चाक सीटच्या खाली असते की मागे, यांतले मला काहीच ठाऊक नाही. तरीही चित्र पुरे केले. आमच्यातील एक काका वागळे इस्टेटमधील कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी वही थोडी लांब धरली आणि शांतपणे विचारले, "ताई, या रिक्षात चालक बसणार कुठे?" जागाच नव्हती. पुढची काच आणि प्रवाशांची सीट यांच्यामध्ये मी जेमतेम एक पिशवी मावेल एवढे अंतर ठेवले होते.

त्यानंतर मी फोनने रिक्षाचा फोटो काढून त्यावरून चित्र केले. ते सर्वांना आवडले, परंतु पुढचे चाक अवाजवी मोठे आणि मागचा भाग आखडलेला दिसत होता. फोटो हातभर अंतरावरून काढला होता. इतक्या जवळून कॅमेऱ्यालगतचा भाग फुगतो आणि मागचा लहान होतो. मी ती विकृतीही इमानाने उतरवली होती. तेव्हापासून सात-आठ पावले मागे सरून, थोडे झूम करूनच मी फोटो घेते. उन्हातल्या फोटोत गाडीखालची सावली सपाट काळी येते आणि तिच्यातले सगळे तपशील बुजतात, म्हणून तेवढा भाग स्टँडवर जाऊन पाहून येते. यावर चालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात, पण एकानेही कधी हटकले नाही.

चाकांचे कोडे काकांनीच सोडवले. तिरके दिसणारे चाक लंबवर्तुळासारखे काढायचे हे मला माहीत होते, पण त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या रेषेत यावा लागतो, हे माहीत नव्हते. माझी चाके गाडीवर चिकटवल्यासारखी दिसत, त्याचे कारण हेच होते. क्षितिजरेषेचे, म्हणजे चित्रात पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येणाऱ्या आडव्या रेषेचेही तसेच. मी रिक्षाचे छत वरून पाहिल्यासारखे काढले होते आणि शेजारचा माणूस मात्र खालून पाहिल्यासारखा. सपाट रस्त्यावर उभे राहून पाहिले तर आपल्याच उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळे, तो जवळ असो वा लांब, क्षितिजरेषेवरच येतात. एवढे कळल्यावर माझी गर्दीची चित्रे बरीच सावरली.

एकमेकांच्या अभिप्रायाबद्दल माझे मत मिश्र आहे. पहिले दोन महिने "छान", "मस्त जमलंय" यांपलीकडे फारसे काही मिळाले नाही. शिवाय फोटोवरून केलेल्या गुळगुळीत छायाप्रकाशाला दाद मिळे आणि मनाने काढलेल्या वेड्यावाकड्या चित्रांची पाने भराभर उलटली जात. नकळत मीही फोटोच्या चित्रांवर अधिक वेळ घालवू लागले, आणि हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते. सप्टेंबरमध्ये आम्ही नियम केला की वही देणाऱ्याने एक नेमका प्रश्न विचारायचा आणि उत्तर देणाऱ्याने चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून दुरुस्ती रेघेने दाखवायची. त्यानंतर बोलणे कमी झाले आणि उपयोग वाढला. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले शेरे मात्र कोरडे आणि बोचरे वाटतात. अशाच एका शेऱ्यावरून आमच्यातील एकीने नोव्हेंबरमध्ये येणे थांबवले. ती शेरा लिहिणारी मीच होते.

काही दोष मात्र दुसऱ्याच्या नजरेलाच सापडतात. एका मुलीने माझी संपूर्ण वही सलग चाळून सांगितले की माझ्या सगळ्या माणसांची डोकी मोठी आहेत. एकेक चित्र पाहताना ते मला कधीच खटकले नव्हते. मी वही मांडीवर आडवी ठेवून काढत होते, त्यामुळे पानाचा वरचा भाग डोळ्यांना आखूड दिसे आणि हात तो भरून काढण्यासाठी तेथे ताणून काढत असे. आता प्लायवुडच्या फळीला क्लिप लावून ती तिरकी धरते.

ज्यांना फोटोची हुबेहूब नक्कल करायची आहे, त्यांनी या मार्गाला लागू नये. त्यासाठी फोटोवर आणि कागदावर चौकटी पाडून एकेक चौकट उतरवत जाणे अधिक सोपे आणि जलद आहे. मनाने काढायचे असेल तर आधी मनाने काढावे, अडेल तेथे खूण करावी आणि त्या खुणेपुरताच फोटो पाहावा. हा क्रम मला सहाव्या महिन्यात सापडला. फेब्रुवारीत मी फोटोशिवाय पुन्हा रिक्षा काढली. काकांनी आत बोट ठेवून चालकाची जागा मोजली, मान डोलावली आणि मग विचारले, "मीटर कुठाय?"