स्वतःच विणकाम शिकताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेले काही महिने मी सोप्या वस्तू एकामागून एक विणत दोन सुयांवरचे विणकाम स्वतःच शिकत आहे. ही पद्धत मला मनापासून पटली आहे. मात्र वस्तूंचा क्रम विचारपूर्वक लावायला हवा. नवशिक्यांना बहुधा मफलर सुचवला जातो. पहिली वस्तू म्हणून तो मला योग्य वाटत नाही, कारण त्यातले शिकण्यासारखे सारे पहिल्या वीतभरातच संपते आणि पुढे केवळ लांबी वाढत राहते.

त्याऐवजी सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या (लोकर मागे ठेवून विणलेल्या) असलेला चौकोन विणावा. या विणीत दोन ओळी मिळून एक उठावदार रेघ तयार होते आणि टाक्यांइतक्या रेघा झाल्या की तुकडा जवळजवळ चौरस होतो. म्हणजे 30 टाक्यांना साधारण 60 ओळी लागतात. चौकोन एका बाजूला रुंदावत गेला, तर टाके वाढले आहेत हे उघड दिसते. ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली गेली, की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय, म्हणजे फासाच्या दोन्ही बाजू, वर येतात आणि एका टाक्याचे दोन भासतात. नवशिक्यांचे टाके वाढतात ते बहुतेकदा यामुळेच.

त्यानंतर एक ओळ सुलट, एक ओळ उलट (लोकर पुढे ठेवून विणलेली) असा तुकडा करावा. त्याच्या कडा गुंडाळल्या जातात, पण तो विणणाऱ्याचा दोष नसून त्या विणीचा स्वभाव आहे. दोन सुलट, दोन उलट अशी वीण मात्र सपाट राहते आणि चांगली ताणली जाते, म्हणून टोपीची कड तिनेच विणतात. टोपीच्या वेळी माप किती महत्त्वाचे आहे, ते कळते: 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसत असतील तर 110 टाक्यांची रुंदी 55 सेंटिमीटर होते, 22 बसत असतील तर तीच 50 वर येते. एवढ्या फरकाने टोपी डोक्याला घट्ट होऊ शकते, म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणण्याचा कंटाळा करू नये.

साहित्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि साधारण 5 मिलिमीटरच्या लाकडी किंवा बांबूच्या सुया उत्तम. केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपे असले, तरी त्यावर गरम इस्त्री फिरवू नये, कारण त्याचा फुगीरपणा कायमचा जातो.

या शिक्षणात खरी उणीव एकच जाणवते: पीळ पडलेला टाका दाखवून देणारे शेजारी कोणी नसते. म्हणून सुईवरच्या प्रत्येक फासाचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला आहे ना, हे पाहण्याची सवय पहिल्या तुकड्यापासूनच लावून घ्यावी.