हेडलॅम्प : वाळवंटातील गुहा आणि त्यानंतरचा नागपूरचा उन्हाळा

खोक्यावर छापलेल्या ‘४०० लुमेन’ (लुमेन म्हणजे प्रकाशाचे माप) आणि ‘३० तास’ या आकड्यांवरून हेडलॅम्पचा, म्हणजे पट्टीने डोक्याला बांधायच्या दिव्याचा, फारसा अंदाज येत नाही, म्हणून नागपूरचा एक पूर्ण उन्हाळा काढल्यावरच हा अनुभव लिहीत आहे. ते आकडे खोटे नाहीत. परंतु ते एकाच वेळी खरे नसतात. ४०० लुमेनचा प्रकाश पहिली काही मिनिटेच मिळतो, नंतर दिवा तापू नये म्हणून आतील यंत्रणा तो आपोआप उतरवते. ३० तास मात्र सर्वांत मंद पातळीचे आहेत. शिवाय टॉर्चसाठी प्रचलित असलेल्या एएनएसआय या अमेरिकी मानकात प्रकाश मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सारा काळ ‘चालू’ धरला जातो.

आम्ही दोघांनी हे दिवे घेतले ते गेल्या ऑगस्टमध्ये मुलीकडे अमेरिकेत, टेक्सासमधील एल पासोला जाताना. तेथून सुमारे २३० किलोमीटरवर, न्यू मेक्सिकोतील चिहुआहुआन वाळवंटाखाली, कार्ल्सबाड कॅव्हर्न्स या गुहा आहेत. मुलीची गाडी घेऊन पहाटे निघालो. वाटेत लांबवर पेट्रोल पंप लागत नाही, त्यामुळे टाकी भरूनच निघावे. गुहांचे प्रवेश वेळ ठरवून आगाऊ आरक्षित करावे लागतात. वटवाघळांना मारणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा प्रसार टाळण्यासाठी दुसऱ्या गुहेत वापरलेले कपडे-बूट घालून येऊ नये, असाही तेथे नियम आहे. आमचे दिवे कोरे असल्याने त्यांचा प्रश्न आला नाही.

नैसर्गिक मुखातून आत जाणारी वाट सुमारे दोन किलोमीटरची असून ती जवळजवळ २३० मीटर खाली उतरते. (वर यायला लिफ्ट आहे, हे माझ्या पतींच्या गुडघ्यांचे भाग्य.) बाहेर ऑगस्टचे ऊन आणि आत बारमाही १३ अंश. वाटेवर दिवे आहेत, पण मंद. ओलसर कठड्याला धरून उतरताना हात मोकळे राहतात, हाच हेडलॅम्पचा खरा उपयोग. बहुतेक चुनखडीच्या गुहा पावसाच्या सौम्य आम्लयुक्त पाण्याने कोरल्या जातात. येथे मात्र खालच्या तेल-वायूच्या साठ्यांतून वर आलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाम्ल बनले आणि त्याने खडक विरघळवला. ‘बिग रूम’ नावाचे दालन तर एवढे विस्तीर्ण आहे की पूर्ण झोत टाकूनही पलीकडची भिंत धडपणे उजळत नव्हती. उलट, प्रखर झोताने तेवढेच वर्तुळ दिसते, भोवतालचे सारे काळे पडते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. “अहो, तो दिवा खाली करा न जी, काहीच दिसून नाही राहिलं,” असे मला म्हणावे लागले. सर्वांत मंद पातळी लावून दिवा खाली कलवल्यावर काही मिनिटांत डोळे सरावले. मग वाटेलगतच्या, काडीएवढ्या बारीक अधोमुखी लवणस्तंभाच्या टोकाशी लोंबणारा थेंब आणि त्यातून आरपार दिसणारी नळीची पोकळ कडा, दोन्ही स्पष्ट दिसले. त्यामुळे या दिव्याची मंद पातळी आणि चार टप्प्यांत कलणारे डोके यांना मी पूर्ण गुण देते. कमाल प्रकाशाला नाही.

संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी वटवाघळांचे उड्डाण पाहताना विजेवर चालणारी उपकरणे वापरता येत नाहीत, म्हणून तेव्हा दिवे पिशवीतच राहिले.

नागपुरात परतल्यावर सर्वाधिक उपयोग झाला तो कूलरपाशी. मार्चमध्ये वुडवूलच्या (लाकडाच्या किसाच्या) ताट्या बदलताना आणि मेमध्ये रात्री पंप अडकला तेव्हा टाकीत दोन्ही हात घालून काम करता आले. अवकाळी वादळात वीज गेली की स्वयंपाकघरातही हाच दिवा चालतो. पाण्याचे शिंतोडे त्याने सोसले; आयपीएक्स४ या पाणीरोधक दर्जाचा अर्थ तेवढाच आहे, बादलीत पडल्यास हमी नाही.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मात्र तो ठेवू नये. ४५ अंशांच्या दिवसात बंद गाडीतील उष्णता लिथियम सेलला मानवत नाही, म्हणून आम्ही तो अर्धा चार्ज करून घरातील कपाटात ठेवतो. सेलची क्षमता घटल्याचे अद्याप जाणवलेले नाही. चार्जिंगचे छिद्र टाइप-सी असले, तरी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने तो चार्ज होत नाही, जुन्या चौकोनी टोकाचीच केबल लागते. आजच्या काळात ही काटकसर क्षम्य नाही.

सर्वांत कच्ची बाजू पट्टीची. घामाने ती ताठ झाली, मग सैल पडली आणि दिवा भुवयांवर घसरू लागला. कंपनीकडे विचारले असता सुटी पट्टी विकत नसल्याचे उत्तर आले. शेवटी इतवारी बाजारातून त्याच रुंदीचे इलॅस्टिक आणून घरीच शिवले. मूळ पट्टीपेक्षा ते बरे बसते आणि धुताही येते.