रास्पबेरी पाय ४ वर कोडी: आठ महिने रोज वापरल्यावर

गेल्या दिवाळीत हॉलमधल्या टीव्हीमागे २ जीबीचा रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका बोर्डवर मावणारा छोटा संगणक, बसवला, त्यावर लिब्रईलेक (कोडी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर चालवण्यापुरती ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, आणि तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी कोडीच चालू असतं. बाबा टीव्हीच्या नेहमीच्या रिमोटनेच सगळं चालवतात. एचडीएमआय केबलमधूनच सीईसीचे, म्हणजे रिमोटची बटणं बोर्डपर्यंत पोचवणारे, सिग्नल जातात, त्यामुळे दुसरा रिमोट लागत नाही. एवढ्यासाठीसुद्धा मला हा बोर्ड फार आवडतो.

पण खरं लिहायचंय ते व्हिडिओ डीकोडिंगबद्दल, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलमधून चित्र उलगडण्याबद्दल, कारण पहिला महिना मी भलत्याच जागी दोष शोधत बसलो होतो.

ताईने भाचीच्या बारशाचा व्हिडिओ फोनवर ४के मध्ये काढला होता. सगळे जमल्यावर तो लावला, तर पाळणा झोके घ्यायच्या ऐवजी धक्के खात होता. गाणं पुढे, चित्र मागे. आदल्याच दिवशी एक ४के माहितीपट कुठेही न अडखळता चालला होता. मी केबल बदलली, एसडी कार्ड बदललं, पेनड्राइव्ह सोडून हार्डडिस्क लावली, तरी फरक शून्य. शेवटी कीबोर्ड जोडला आणि व्हिडिओ चालू असताना ‘ओ’ दाबलं. कोणता डीकोडर काम करतोय ते पडद्यावर दिसतं. माहितीपटाला डीकोडरच्या नावापुढे ‘एचडब्ल्यू’ (हार्डवेअर) होतं, बारशाला ‘एसडब्ल्यू’ (सॉफ्टवेअर, म्हणजे सगळं काम प्रोसेसरवर). सीपीयूचे चारही कोअर पार दमले होते.

व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. या चिपमध्ये एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, या कोडेकसाठी वेगळं हार्डवेअर आहे आणि ते ४के, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत जातं. एच.२६४ चं हार्डवेअर मात्र १०८०पी ६० फ्रेमवरच थांबतं. ताईचा फोन ४के चित्रीकरण एच.२६४ मध्ये करत होता, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येत होता. तिच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी निवडून दिलं. जुने व्हिडिओ लॅपटॉपवर रात्रभर लावून बदलून घेतले. आता तेच बारसं छान दिसतं, आणि फाइलसुद्धा बरीच लहान झाली.

म्हणून कुणी ‘कुठला बोर्ड घेऊ?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, तुमच्या डिस्कवरच्या फाइल कुठल्या कोडेकच्या आहेत? २०२३ मध्ये आलेला पाय ५ कितीतरी वेगवान आहे, पण त्यातून एच.२६४ चं हार्डवेअर काढूनच टाकलंय, एचईव्हीसीचं तेवढं ठेवलंय. मित्राकडे तो आहे. १०८०पी एच.२६४ तिथे प्रोसेसरवरच चालतं आणि अगदी व्यवस्थित चालतं, फक्त पंख्याचा आवाज येतो. माझ्या पाय ४ ला अॅल्युमिनियमची केस आहे, आवाज काहीच नाही. यूट्यूबचे ४के व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये येतात, त्या व्हीपी९ आणि एव्ही१ चं हार्डवेअर दोन्हींत नाही. ज्यांना मुख्यतः यूट्यूब ४के बघायचंय त्यांनी हे बोर्ड घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सेटिंगचं म्हणाल तर, कोडीत ‘डीआरएम प्राइम’चं हार्डवेअर अॅक्सेलरेशन, म्हणजे डीकोडिंग हार्डवेअरकडे सोपवणारं सेटिंग, चालू आहे ना ते बघा. टीव्ही ४के ६० हर्ट्झचा असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडीएमआय_एनेबल_४केपी६०’ समोर १ लिहावं लागतं, आणि केबल पॉवरच्या पोर्टशेजारच्या एचडीएमआयलाच लावायची. रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलू द्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही ६० वरच अडकला तर कॅमेरा आडवा फिरताना चित्राला बारीक हिसके बसतात, आणि एकदा दिसायला लागले की डोळ्यांत खुपत राहतात. पॉवर अॅडॅप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच घ्या. मी आधी घरातला जुना मोबाइल चार्जर लावला होता, तेव्हा व्होल्टेज कमी पडतंय असं सांगणारं विजेचं चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात सतत यायचं.

आई-बाबांच्या लग्नाची डीव्हीडी राहिली होती. कॅसेटवरून उतरवलेली, एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या जुन्या कोडेकमध्ये, ७२० बाय ५७६. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांना एमपीईजी-२ साठी वेगळी लायसन्स की विकत घ्यावी लागायची. पाय ४ मध्ये ते हार्डवेअरच नाही, पण एवढ्याशा चित्रासाठी प्रोसेसर सहज पुरतो. सुरुवातीला कुणी हललं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसायच्या. डीइंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र नीट जुळवणं, चालू केल्यावर त्या गेल्या. अंतरपाट धरलाय तिथे आईने व्हिडिओ थांबवायला लावला, आणि मागे उभ्या असलेल्या एकेकाची नावं सांगत बसली.