रेड डॉट की होलोग्राफिक? माझा कौल
बंदुकीवर नेम धरायला लावायच्या या दोन प्रकारच्या साईट, दोन्हींत काचेत चमकणारी खूण दिसते. दोन्ही वापरून झाले, रायफलवर रेड डॉटच ठेवलाय. मुख्य कारण बॅटरी, एमपॉइंट प्रो ही रेड डॉट एका बॅटरीवर ३०,००० तास चालते, म्हणजे चालू ठेवून विसरून जा, आणि इओटेकची ईएक्सपीएस३ ही होलोग्राफिक जेमतेम १,००० तास, कारण आत एलईडी नाही तर लेझर असतो. पण खरं सांगू, होलोग्राफिकचं ते ६८ एमओएचं (एमओए म्हणजे कोन मोजायचं बारीक माप) वर्तुळ आणि मधला १ एमओएचा ठिपका जवळच्या टार्गेटवर इतका पटकन डोळ्यात भरतो ना, आणि मागे ३ एक्स मॅग्निफायर (तिप्पट मोठं दाखवणारं भिंग) लावला तरी ठिपका बारीकच राहतो, रेड डॉटचा मात्र फुगतो. डोळ्याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या आकारातल्या दोषामुळे धूसर दिसणं) असेल तर रेड डॉट फुटल्यासारखा दिसतो, तेव्हा विकत घेण्याआधी स्वतःच्या डोळ्याने बघाच!