टर्बोसाठी दहा एएनचं ऑईल ड्रेन किट: काय वापरावं, काय बदलावं

टर्बोला ऑईल पुरवणारा पाईप (एएन या पाईप-जोडांच्या मापपद्धतीत) तीन किंवा चार नंबरचा, बारीक असला तरी चालतो, कारण त्याच्यामागे पंपाचा दाब असतो. परतीच्या ऑईलमागे असा दाब नसतो. शाफ्टने घुसळलेलं, हवा आणि वायू मिसळलेलं फेसाळ ऑईल निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली यायचं असतं. म्हणून टी३/टी४ प्रकारच्या टर्बोच्या हाउसिंगसाठी मिळणारं हे युनिव्हर्सल किट तपासताना आधी एकच गोष्ट पाहावी: फ्लँजपासून (टर्बोला बोल्टने बसणारी चकती) ऑईल चेंबरपर्यंतच्या (इंजिनच्या तळाचं ऑईलचं भांडं) वाटेत सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे?

किटमध्ये साधारणपणे दोन बोल्टची फ्लँज, गॅस्केट, जाळीदार आवरणाचा पाईप, सरळ, ४५ आणि ९० अंशांचे होज-एंड (पाईपच्या टोकाचे जोड) आणि चेंबरला वेल्ड करायचा बंग (आट्यांचा धातूचा तुकडा) एवढं येतं. यातला पाईप नीट पारखून घ्या. एएनमधला दहा म्हणजे १०/१६ इंच, आणि तोही धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास, म्हणजे सुमारे १५.९ मिमी. रबरी पाईपचं आतलं भोक प्रत्यक्षात १४ मिमीच्या आसपास भरतं. तोच दहा नंबर टेफ्लॉन अस्तराच्या पाईपमध्ये घेतला, तर जेमतेम १२.७ मिमी उरतात. टेफ्लॉन उष्णता आणि ऑईल दोन्ही छान सोसतं, पण ड्रेनसाठी तो हवा असेल तर बारा नंबर घ्या, म्हणजे साधारण १६ मिमी भोक मिळतं. 'टेफ्लॉन, म्हणजे वरच्या दर्जाचं' एवढ्यावर किट निवडू नये.

एल्बोचंही तसंच. ठोकळ्यातून कोरलेल्या एल्बोच्या आत काटकोनी कोपरा असतो, तिथे फेस अडतो. वाकवलेल्या नळीचा एल्बो जागा जास्त खातो, तरीही तोच घ्या. शक्य असेल तर ९० अंशांचा तुकडा वापरूच नका. टर्बोचं ड्रेनचं तोंड सरळ खाली असावं, फार तर उभ्या रेषेपासून ३५ अंशांपर्यंत कललेलं. पाईप सतत उताराचा हवा. मध्ये एक जरी झोळ पडला, तर तिथे ऑईल साचून राहतं.

फ्लँज जाड आणि सपाट आहे, ही किटची जमेची बाजू. बोल्टची भोकं लांबट असल्याने ती वेगवेगळ्या अंतरांना जुळते, पण त्याच सोयीमुळे ती बाजूला सरकून हाउसिंगचं तोंड अर्धवट झाकू शकते. बोल्ट आवळण्याआधी गॅस्केट आणि फ्लँज दोन्ही तोंडाशी लावून पाहा. गॅस्केटची कड आत डोकावत असेल तर कापा. बोल्ट भोकाच्या तळाला टेकत नाहीत ना, तेही बघा, नाहीतर घट्ट वाटतात पण गॅस्केट दबत नाही. सिलिकॉन लावू नका. आत दाबला गेलेला गोळा सुटून वाटेत अडकतो. एएनच्या ३७ अंशांच्या फ्लेअर (शंकूसारख्या तोंडाच्या) जोडाला टेफ्लॉन टेपचीही गरज नसते. तो जोड धातूवर धातू बसूनच बंद होतो.

रबरी पाईपला एंड बसवताना होणारी चूक बाहेरून दिसत नाही. निपल (एंडचा पाईपच्या आत जाणारा भाग) तिरका घुसला की आतलं रबर सोलून त्याची जीभ तयार होते, आणि ती झडपेसारखी वाट बंद करते. पाईप टेप गुंडाळून बारीक दाताच्या करवतीने काटकोनात कापा, कण झटका, निपलला ऑईल लावा. सॉकेटच्या (एंडचा पाईपवर बाहेरून बसणारा भाग) कडेशी पाईपवर खूण करा. आवळताना खूण सरकली तर पाईप मागे ढकलला जातोय, तेव्हा परत सुरुवात करा. शेवटी टॉर्च लावून आरपार पाहा.

बंगचा धातू चेंबरशी जुळायलाच हवा. स्टीलच्या पत्र्याच्या चेंबरला ॲल्युमिनियमचा बंग वेल्ड होत नाही. चेंबर उतरवूनच काम करा. ग्रीस लावून ड्रिल केलं तरी सगळा कीस अडत नाही, आणि उरलेला बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. भोकाची खालची कड, इंजिन बंद असताना 'फुल' खुणेला ऑईल जिथे येतं त्याच्या वर ठेवा, कारण तीच सगळ्यात उंच पातळी असते. चेंबरच्या आतले बॅफल (ऑईल हिंदकळू न देणारे पडदे) आणि फिरत्या क्रँकवरून ऑईल उडतं ती जागा टाळा. वेल्डिंगआधी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. त्याचा उरलेला अंश तापला की विषारी फॉस्जिन वायू तयार होतो. वेल्डनंतर बाहेरून खडू फासा, आतून केरोसीन लावा. गळती असेल तिथे खडू ओला होतो.

ड्रेन तुंबला की ऑईल हाउसिंगमध्ये चढतं. टर्बोचं सील हे पिस्टन रिंगसारखं असतं, भरलेलं ऑईल रोखायला ते बनवलेलंच नाही. मग आयडलला निळा धूर येतो आणि चांगला टर्बो उगाच बदलला जातो. क्रँककेसमधला दाब वाढला तरी हेच होतं, तेव्हा ब्रीदरही (क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणारी वाट) तपासा. बॉल बेअरिंग टर्बोमध्ये फीडला, म्हणजे पुरवठ्याच्या पाईपला, साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (ऑईल कमी सोडणारं बारीक भोक) आहे का, तेही पाहा. नसेल तर योग्य ड्रेनलाही ऑईल आवरत नाही.

टर्बो चेंबरच्या पातळीइतका किंवा खाली बसवला असेल, तर हे किट घेऊ नका. तिथे परतीचं ऑईल ओढून नेणारा स्कॅव्हेंज पंपच लागतो. इंजिनचंच ऑईल वापरणाऱ्या सुपरचार्जरलाही उताराचे आणि पातळीचे हेच नियम लागू आहेत, फक्त फ्लँज त्याची स्वतःची लागेल.

बाकीच्यांनी रबरी पाईपचं किट घ्यावं आणि सोबत उष्णतारोधक स्लीव्ह, कारण डाउनपाईपजवळ (टर्बोतून निघणारा तापलेला एक्झॉस्ट पाईप) रबर कडक होऊन तडकतं. जाळी ज्याला घासते त्याला कापत जाते, म्हणून क्लँपही हवा. जोडणी झाल्यावर टर्बोकडचं टोक मोकळं ठेवून फनेलने लिटरभर ऑईल पाईपमध्ये ओता. ते न तुंबता खाली गेलं, तरच फ्लँज आवळा, आणि इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की तिचे बोल्ट पुन्हा तपासा.