इलेक्ट्रोलाइट गळती पकडणारा गॅस सेन्सर: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

भोसरीत आमचं ई-स्कूटरच्या बॅटरी पॅक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जूनच्या तोंडावर पॅक ठेवायच्या खोलीत टिन ऑक्साइडवर चालणारा गॅस सेन्सर बसवला; सेलमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला द्रव, गळला की त्याची वाफ तो पकडतो. आता थंडी सरत आलीय. चार पॅक जरी एका खोलीत राहत असतील तरी हा घ्यावाच, असं माझं ठाम मत झालंय.

दिवाळीनंतर पाऊच सेलचा (मऊ पाकिटासारख्या सेलचा) एक पॅक आला. व्होल्टेज बरोबर, तापमान बरोबर, बीएमएसची (पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची) काही तक्रार नाही. रात्री रॅकवर ठेवला, सकाळी सेन्सरचा आकडा नेहमीच्या दुप्पट. उघडून पाहिलं तर एका सेलच्या टॅबजवळचं (बाहेर येणाऱ्या धातूच्या पट्टीजवळचं) सील ओलसर, टेपच्या कडेला पांढरट खर आणि गोडसर, थिनरसारखा वास. इलेक्ट्रोलाइटमधलं डायमिथाइल कार्बोनेट 90 अंशांना उकळतं, पण साध्या हवेतही भराभर उडतं. गळती बारीक असली की व्होल्टेज सुरुवातीला हलतच नाही, मग बीएमएसला कळणार कुठून? इलेक्ट्रोलाइटमधला लिथियमचा क्षार हवेतल्या ओलाव्याने हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू सोडतो, त्यामुळे असा सेल उघड्या हाताने अजिबात धरू नका.

2022 मध्ये पुण्यातल्या धानोरीत ई-स्कूटर पेटली. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर एआयएस-156 हे ई-दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं, पण ते नव्या पॅकच्या मंजुरीसाठी. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पॅकची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

इलेक्ट्रोलाइटची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा, छताला नको.

त्रासही आहे. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) टर्मिनल पुसले की हा बोंबलतो. जुलैच्या दमट हवेत आकडा आपोआप चढायचा, म्हणून अलार्म ठरावीक आकड्यावर न ठेवता चढण्याच्या वेगावर लावला. आणि विकणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट: झाकणाला लावायच्या सिलिकॉन सीलंटची वाफ या सेन्सरला निकामी करते. दिवा चालू, आकडा स्थिर, पण गळती त्याला दिसतच नाही. सीलंटचं काम आम्ही दुसऱ्या खोलीत हलवलं. दर महिन्याला आयपीएचा बोळा समोर धरून आकडा उसळतो का, तेही बघतो.

गुरुवारी लाइट जाते. परत आल्यावर सेन्सर तापून स्थिर व्हायला बराच वेळ घेतो. छोटा यूपीएस सोबतच घ्या.