शिमगा ते आखाजी: वनस्पती उद्यानातले उपक्रम कसे आहेत?

होळीच्या आठवड्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, खानदेशातलं हे सार्वजनिक वनस्पती उद्यान लोकांसाठी बरंच काही करतं. सकाळची वृक्षफेरी असते, पळसाच्या रंगाची आणि बीजगोळ्यांची (आत बी घालून वळलेले मातीचे गोळे) कार्यशाळा असते, रोपविक्री असते, शिवाय शाळा आणि आठवडे बाजारात फिरणारी गाडी. थोडक्यात सांगायचं तर फेरी आणि रंगाची कार्यशाळा चुकवू नका, रोपं पारखून घ्या, आणि बीजगोळे वळायला बसण्याआधी बी कुठल्या झाडाचं आणि कुठल्या हंगामाचं आहे ते विचारा. झाडाच्या वेळापत्रकाने चालणारे उपक्रम इथे चोख होतात. कॅलेंडरातल्या ‘दिना’ला बांधलेले उपक्रम फसतात. उद्यानाचं नाव घेत नाही, कारण यातल्या त्रुटी आसपासच्या बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि पारखायच्या खुणा सगळीकडे त्याच आहेत.

आधी वृक्षफेरी. वेळ सकाळी साडेसहाची आहे आणि ती पाळली जाते, हे महत्त्वाचं. मार्चअखेर जळगाव-भुसावळकडे नऊ वाजताच ऊन चटका देतं, पक्षीही तोवर सावली धरतात. फेरी दोन तासांची, एका गटात वीसेक माणसं. त्याहून जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही, म्हणून नाव आधी नोंदवा. फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर काटेसावर आणि पांगारा भरात असतात, मार्चमध्ये पळस, मार्चअखेर ते एप्रिल मोह आणि कडुनिंब, एप्रिल-मे बहावा. पळस-सावरीवर भोरड्यांचे थवे बघायचे असतील तर उशीर करू नका, एप्रिलमध्ये त्या परतीला लागतात.

फेरीतलं सगळ्यात चांगलं काम होतं ते कहांडळापाशी. पानं गळालेलं पांढरंफटक झाड, कागदासारखी सुटणारी साल, आणि फांद्यांच्या टोकाला पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी फळं. फळं लालसर, मखमली दिसतात, म्हणून मुलं हमखास हात घालतात. त्या मखमलीत खाजऱ्या केसांची दाट लव असते. ती कातडीत रुतली की तासभर आग होते, आणि चोळलं तर आणखी आत जाते. वाटाड्या हे सांगतो आणि सोबत चिकटपट्टीचं रीळ ठेवतो: पट्टी चिकटवून ओढायची, केस निघतात, मग पाण्याने धुवायचं. हे माहीत असलेला माणूस पुढे असला की शाळेची सहल निर्धास्त होते. याच झाडाचा डिंक काढताना खोल घाव घातले तर झाड वाळतं, हेही तो जुना व्रण दाखवून समजावतो.

अंजनाकडे मात्र फेरी फार घाईने जाते. धुळे-नंदुरबारच्या माळावरचं हे खरं आपलं झाड. एप्रिलमध्ये त्याला तांबूस कोवळी पालवी येते, आणि दुभंगलेल्या खुरासारखं जोडपान तेव्हाच नीट दिसतं. तिथे पाच मिनिटं थांबून पालवी, पंखवाल्या शेंगा आणि चाऱ्यासाठी सारख्या छाटल्याने झाडाला आलेला आकार, हे तिन्ही दाखवायला हवं.

झाडांवरच्या पाट्यांबद्दल एक तक्रार आहे. शास्त्रीय नाव, कूळ, मराठी नाव सगळं नीट आहे, पण बऱ्याच पाट्या लोखंडी खिळ्याने ठोकल्या आहेत. खिळा सालीखालच्या वाढत्या थरात जखम करतो, पाणी मुरून तिथे बुरशी धरते, आणि खोड जाड होत गेलं की पाटी सालीत गिळली जाते. तारेने आवळलेली पाटी त्याहून वाईट, ती झाडाचा गळाच धरते. उपाय स्वस्त आहे: ॲल्युमिनियमची पाटी, तारेला मध्ये स्प्रिंग, आणि वर्षातून एकदा ढिली करून बघणं. अहिराणी आणि पावरी (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली) नावंही पाटीवर असायला हवीत. फेरीत वाटाडे ती तोंडी सांगतात, मग लिहायला अडचण नसावी.

पळसाच्या रंगाची कार्यशाळा होळीच्या आधीच्या रविवारी असते आणि ती मनापासून आवडली, कारण ती पायरीपायरीने शिकवतात. फुलं झाडावरची तोडायची नाहीत, खाली पडलेलीच वेचायची. पाकळ्या देठाकडच्या काळपट मखमली पेल्यापासून सोडवायच्या. पेला राहिला तर रंग मातकट होतो. पाकळ्या सावलीत वाळवायच्या. मग १०० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्यांना एक लिटर पाणी, स्टीलच्या नाहीतर मातीच्या भांड्यात रात्रभर भिजत ठेवायचं, किंवा मंद आचेवर अर्धा तास उकळायचं. लोखंडी कढई घेतलीत तर लोहामुळे रंग काळवंडतो. बहुतेकांच्या घरी रंग बिघडतो तो इथेच. सुती फडक्यातून गाळल्यावर केशरी-पिवळं पाणी मिळतं. खेळायला चारपाच पट पाणी घालायचं. चुन्याची निवळी टाकली की रंग लालसर होतो. मुलांना ते बघायला मजा येते, पण ते पाणी अंगावर घ्यायचं नाही, चुना डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. निवळी आणि तुरटीचे प्रयोग कापडापुरते ठेवतात, हे योग्यच. तयार रंग मार्चच्या उन्हात दोन दिवसांत आंबतो, म्हणून आदल्या दिवशीच करायचा. जास्तीच्या पाकळ्या कोरड्याच हवाबंद डब्यात ठेवा. गेल्यावर कागदी पत्रक मागून घ्या, त्यात ही मापं छापलेली आहेत.

आता बीजगोळे. हा उपक्रम २१ मार्चच्या जागतिक वन दिनाला धरून होतो. गर्दी सगळ्यात जास्त इथेच, आणि चूकही सगळ्यात मोठी इथेच. टोपल्यांत मोह आणि कडुनिंबाचं बी ठेवलेलं असतं. मोहाची टोळंबी, म्हणजे त्याचं फळ, पिकते जून-जुलैच्या सुमारास, निंबोळीही पावसाळ्याच्या तोंडाला. म्हणजे मार्चमध्ये हाती येणारं बी गेल्या पावसाळ्याचं. या दोन्ही बियांची उगवणशक्ती साध्या साठवणीत जेमतेम काही आठवडे टिकते. तेलकट बी, आतला गर सुकला की संपलं. शंभर मुलांनी मन लावून वळलेले गोळे जूनमध्ये डोंगरावर जातात आणि त्यातून काही उगवत नाही. पुढच्या वर्षी तीच मुलं ‘मागच्या वेळी काहीच आलं नाही’ म्हणतात, तेव्हा उत्साहाचंही नुकसान होतं. बी मेलेलं आहे का हे तपासायला दोन मिनिटं पुरतात: पाचसहा बिया आडव्या कापायच्या. आत गर भरदार आणि पांढरट-हिरवट असेल तर आशा आहे, तपकिरी आणि आक्रसलेला असेल तर फेकून द्यायचं.

मार्चमध्ये गोळेच करायचे असतील तर बहावा, शिरीष, खैर, बाभूळ यांचं बी घ्यावं. कवच टणक, साठवणीत टिकणारं, आणि शेंगाही या सुमारास झाडाखाली मिळतात. इथे दुसरी चूक होते: कोणीतरी हुशारीने बी सॅंडपेपरवर घासून आणतं. रोपवाटिकेत बहाव्याचं बी घासणं, मग २४ तास भिजवणं बरोबर आहे. गोळ्यात मात्र घासलेलं बी ओल्या मातीतलंच पाणी पितं, फुगतं, आणि गोळा वाळताना मरतं. गोळ्यासाठी बी न घासता, न भिजवता.

तिसरी गोष्ट माती. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचा गोळा तडकतो किंवा दगडासारखा होतो. तीन भाग माती घ्यायची तर त्यात निम्मी तांबडी माती किंवा नदीचा पोयटा असावा, वर एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धकच्च्या खतातून हुमणी आणि वाळवी येते. गोळा लिंबापेक्षा लहान, आत एकदोन बिया, सावलीत दोनतीन दिवस वाळवायचा. टाकायचा तो पहिल्या वळवाला नाही, जमीन चांगली भिजेल असे दोनतीन पाऊस झाल्यावर. आमचं स्पष्ट मत असं की डोंगर हाताशी असेल आणि माणसं असतील तर गोळ्यांपेक्षा टोकणी, म्हणजे बी थेट जमिनीत खोचणं, बरी: दोनतीन सेंटिमीटर खोल, दगडाच्या आडोशाला, शेळ्या पोचणार नाहीत अशा जागी. अंजनासारख्या खोल सोटमुळाच्या झाडाला तर टोकणीच मानवते. त्याच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये पिकतात. उद्यानाने हा कार्यक्रम वन दिनाऐवजी आखाजीनंतर घेतला तर ताजं अंजन बी हाती येईल.

रोपविक्रीचा विभाग चांगला आहे, देशी झाडांची निवड मोठी. प्रत्येक रोपासोबत बी कुठून आणलं याची चिठ्ठी मिळते, आणि ते खाजगी नर्सरीत सहसा दिसत नाही. घेताना पिशवी उचलून बघा. खालच्या भोकातून जाड मूळ बाहेर आलेलं आणि तुटलेलं असेल तर ते रोप सोडा, सोटमूळ गेलं. मातीच्या तळाशी मुळं गोल गुंडाळली असतील तर पिशवी लहान पडली आहे. अंजन इथे बुटक्या पिशवीत विकतात, ते घेऊ नका, किमान फूटभर उंचीची पिशवी मागा. ताम्हण राज्यपुष्प म्हणून पुढे मांडलेलं असतं आणि लोक हौसेने नेतात. झाड सुंदरच, पण ते ओढ्याकाठचं, ओलाव्याचं. आपल्याकडे पहिली काही वर्षं नियमित पाणी देणार असाल तरच घ्या.

विक्रीच्या टेबलावर एक गोष्ट सांगितली जात नाही, ती सांगायलाच हवी: मार्च-एप्रिलमध्ये नेलेलं रोप लगेच जमिनीत लावू नये. कडुनिंबाच्या सावलीत किंवा ५० टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली ठेवा, पिशव्या एकमेकींना चिकटवून अर्ध्या मातीत पुरा. काळी पिशवी उन्हात तापली की कडेची मुळं भाजतात. पाणी संध्याकाळी. मेमध्ये दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्या, लावणी जूनअखेर चांगल्या पावसानंतर. बोअरचं जड पाणी देत असाल आणि कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता असते. आणखी खत टाकून ती जात नाही.

फिरत्या गाडीचं काम मात्र कौतुकाचं. मार्चपासून जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात, तेव्हा गाडी साडेसातला पोचते आणि परीक्षांच्या आधी येऊन जाते. पोरांना वर्तमानपत्रात पानं दाबून संग्रह करायला शिकवतात. कागद पहिले चार दिवस रोज बदलायचा, नाहीतर पानं काळी पडतात. एकच झाड निवडून दर आठवड्याला पालवी, कळी, फूल, फळ यांची नोंद ठेवायचा तक्ताही देतात. सीझनवॉचसारख्या देशव्यापी नोंदणीत ही माहिती भरता येते, पण शाळांना ते कसं जोडायचं हे अजून कोणी बसून दाखवत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, भोंगऱ्या बाजारांच्या (होळीच्या आधी भरणारे आदिवासी बाजार) दिवसांत गाडी मोहाच्या जाळ्या घेऊन जाते. मोह पहाटे गळतो, वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची रीत आहे, आणि तीच आग पुढे रानात जाते. त्याऐवजी झाडाखाली कंबरेएवढ्या उंचीवर, मध्ये किंचित झोळ ठेवून जाळी बांधायची. फुलं मातीला लागत नाहीत, स्वच्छ वाळतात, म्हणून भावही बरा मिळतो. सांगणारा पावरीत बोलतो आणि आधी बायांचं ऐकून घेतो, कारण कुठल्या झाडाचा मोह गोड आणि कधी गळतो हे त्यांनाच ठाऊक असतं. ही माहिती ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जावी असाही प्रयत्न आहे. जाळ्या मोजक्या आहेत, दोन पाड्यांत मिळून एक संच. मोहाचा हंगाम छोटा, एकाच वेळी सगळ्यांना लागतो, त्यामुळे अर्धे पाडे कोरडे राहतात. देणगी द्यायची असेल तर ती जाळ्यांसाठी द्या.

सोयींचं थोडक्यात. पिण्याचं पाणी फक्त फाटकाजवळ आहे, बाटली न्याच. स्वच्छतागृह ठीक. मधल्या टेकाडावर सावली नाही. खायला आत काही मिळत नाही. उपक्रमांची यादी फाटकावरच्या फळ्यावर लागते आणि ऐनवेळी बदलते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. विक्रीचा विभाग दुपारी बारा ते चार बंद असतो, आणि चांगल्या लांब पिशव्या सकाळीच संपतात.